डावीकडे चिकटलेला आकडा

कॉम्प्युटर लॅबच्या दारात चपलांचा ढीग असायचा, जत्रेत देवळासमोर असतो तसा. साल २००३, परभणी, बी.कॉम.चं पहिलं वर्ष. धुळीनं कॉम्प्युटरला व्हायरस होतो असं शिपायानं सांगितलेलं, आणि ते खोटं आहे हे सांगायची कुणालाच घाई नव्हती. आत निळे पडदे, एक एसी आणि कापडी खोळी घातलेली बारा यंत्रं. त्यातली आठ चालायची. आम्ही चाळीस. म्हणजे एका यंत्रावर पाच जण. माउस एकाच्या हातात आणि उरलेले चौघे सल्ला द्यायला. माउस कुणाकडं जाणार हे न बोलता ठरायचं. ज्यानं एमएस-सीआयटी केलंय त्याच्याकडं. तो कोर्स निघून तेव्हा दोनच वर्षं झाली होती, पण तालुक्यातालुक्याला त्याच्या पाट्या लागल्या होत्या. माझ्यासारखे मानवतच्या पलीकडून एसटीनं येणारे मागं उभे. पहिले दोन महिने मी कॉम्प्युटर शिकलो तो असा, दुसऱ्याच्या खांद्यावरून.

पेपरचं नाव 'संगणक उपयोजन'. उपयोजन म्हणजे काय हे वर्गात कुणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. थिअरीच्या तासाला नोट्स उतरवायच्या. सीपीयूचा फुल फॉर्म, रॅम आणि रॉममधला फरक, आणि मग कॉम्प्युटरच्या पिढ्या. त्या आम्ही वंशावळ पाठ करावी तशा केल्या. पहिली व्हॅक्यूम ट्यूबची, दुसरी ट्रान्झिस्टरची, तिसरी आयसीची, चौथी मायक्रोप्रोसेसरची. एनियाक हा मूळपुरुष. त्याच्या पोटात अठरा हजारांच्या आसपास ट्यूबा. १९७१ साली इंटेल ४००४ आला, त्यात २३०० ट्रान्झिस्टर नखाएवढ्या तुकड्यावर. ट्यूब कशी दिसते हे वर्गात बहुधा मला एकट्यालाच माहीत असावं, कारण आमच्या घरी आबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावर पडून होता. पाचव्या पिढीपुढं नोट्समध्ये एकच ओळ होती : 'कृत्रिम बुद्धिमत्ता (भविष्यात)'. मी आज ज्या नोट्स शिकवतो त्यांतही ती ओळ तशीच आहे. समोरची पोरं ती उतरवून घेत नाहीत, त्या भविष्यालाच मोबाईलवर प्रश्न विचारत बसतात.

परीक्षेत पिढ्या हमखास यायच्या. नंतर वीस वर्षांत त्या मला एकदाही लागल्या नाहीत. लागलं ते प्रॅक्टिकलच्या तासाला सरांनी सहज बोलून टाकलेलं एक वाक्य : "उजवीकडं टेकला तर आकडा, डावीकडं टेकला तर अक्षर."

तो तास मुक्तिसंग्राम दिनाच्या दुसऱ्या दिवशीचा. सरांनी फळ्यावर दोन तारखा लिहिल्या. १५ ऑगस्ट १९४७ आणि १७ सप्टेंबर १९४८. "पहिली ए-वनमध्ये टाका, दुसरी ए-टूमध्ये. खालच्यातून वरची वजा करा. देश स्वतंत्र झाल्यावर आपण किती दिवस निजामाकडं राहिलो ते मला सांगा."

आमच्या यंत्रावर उत्तर आलं ते असं : हॅश, मग व्हॅल्यू, मग उद्गारचिन्ह. कॉम्प्युटर आपल्यावर ओरडलाय असंच वाटलं. माउसवाल्यानं माउस सोडून दिला. सर मागून आले. पडद्यावर बोट न टेकवता (तेव्हा पडद्याला बोट लावणं म्हणजे मोठा गुन्हा) म्हणाले, "तारखा कुठं टेकल्यात बघा."

डावीकडं टेकल्या होत्या. दोन्ही.

मग त्यांनी उलगडून सांगितलं. एक्सेलच्या चौकटीत आकडा टाकला की तो आपोआप उजव्या कडेला जाऊन उभा राहतो. अक्षरं डाव्या कडेला राहतात. तारीख हाही त्याच्या लेखी आकडाच. पण हे यंत्र आलेलं अमेरिकी पद्धतीवर. तिकडं महिना आधी, दिवस नंतर. त्यामुळं १७/९/१९४८ म्हटल्यावर तो सतरावा महिना शोधतो, सापडत नाही, म्हणून हे काहीतरी लिखाण आहे असं समजून मुकाट डावीकडं ठेवून देतो. लिखाणातून लिखाण वजा कसं होणार?

"पण खरा धोका हा नाही," सर म्हणाले. "हा दिसतो तरी. आता आपापली जन्मतारीख टाका."

आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनला. मराठवाड्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती आपली. १/६/१९८५. टाकली की छान उजवीकडं जाऊन उभी. सरांनी ती महिन्याच्या नावासकट दाखवायला लावली, तर सहा जानेवारी! बारापर्यंतची तारीख गुपचूप उलटते, तेरापासून पुढची डावीकडं जाऊन बसते. वर्गातल्या अर्ध्या लोकांचा वाढदिवस आधी गुरुजींनी बदलला होता, तो त्या दिवशी यंत्रानं पुन्हा बदलला.

कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन सरांनी पद्धत भारताची केली. वजाबाकी पुन्हा. उत्तर : २ फेब्रुवारी १९०१. आता मात्र सगळी लॅब हसली. सरही हसले. उत्तराच्या चौकटीला आधीच तारखेचं रूप दिलेलं होतं, ते काढल्यावर खाली साधा आकडा उरला. ३९९.

तीनशे नव्व्याण्णव दिवस. एक्सेल १ जानेवारी १९०० ला 'एक' धरून पुढं दिवस मोजत जातं, म्हणून पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीस म्हणजे १७३९४ आणि आपला मुक्तिदिन म्हणजे १७७९३. या मोजणीत एक गोम आहे, ती मला खूप नंतर कळली. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण एक्सेल ते लीप मानतं. लोटस वन-टू-थ्री नावाच्या जुन्या प्रोग्रामनं केलेली चूक, त्याच्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलनं जशीच्या तशी उचलली. त्यामुळं एक्सेलच्या पंचांगात साठाव्या क्रमांकावर २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस आजही बसलेला आहे.

संध्याकाळी घरी जाऊन आबांना ३९९ सांगितलं. रझाकारांच्या धामधुमीत ते चौदा वर्षांचे असतील. ओसरीवर सुपारी कातरत होते. म्हणाले, "आम्ही तेरा महिने म्हणतो. दिस कोन मोजलेत? रात्री मोजल्या." अडकित्ता पुन्हा चालू झाला. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "फसलीतलं सांगतं का तुझं यंत्र?" आबांचा जन्म फसली १३४३ चा. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसली सनावर चालायचं. इसवी सनातून साधारण ५९० वजा केले की फसली येतो. जुन्या जमिनीच्या कागदांवर अजून तो दिसतो. मी म्हणालो, नाही सांगत. आबांनी मान हलवली. यंत्राची पत त्यांच्या लेखी तिथंच ठरली.

भारनियमनाबद्दल लिहिलं नाही तर त्या दिवसांचं चित्र अर्धंच राहील, पण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. लाईट जायची, यूपीएस कोंबडीच्या पिलासारखा चिवचिवायचा, आणि सगळी लॅब एका सुरात ओरडायची, "सेव्ह! सेव्ह!" आजही दर दोन ओळींनंतर माझी करंगळी कंट्रोलवर आणि दुसरं बोट एसवर जातं. हे लिहितानाही जातंय. सेव्ह केलेलं न्यायचं फ्लॉपीवर, १.४४ एमबीच्या. एसटीत खिशातून काढून ती पोथीच्या पानात ठेवावी तशी वहीत ठेवायची. घरी कॉम्प्युटर नव्हताच, तरी न्यायचो.

पदवीनंतर एका कार्यालयात मला डेटा एंट्रीचं काम मिळालं, कंत्राटी. दुष्काळी अनुदानाच्या याद्या. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम, बँक खातं. कागदावरून बघायचं आणि टाईप करायचं. दिवसाला दोनशे नावं. माझा हात बसलेला होता, आणि त्याचा थोडा ताठाही होता.

खाते क्रमांक टाकले की काहींच्या जागी ६.०२ई+१५ असलं काहीतरी दिसायचं. ते मला खटकलं, पण त्यावरचा इलाज ठाऊक होता. सगळा रकाना निवडला, फॉरमॅटमध्ये नंबर घेतलं, दशांश शून्य केले. पूर्ण सोळा आकडे दिसायला लागले. उजवीकडं, एका रेषेत, कवायतीला उभे राहिल्यासारखे. समाधानानं फाइल दिली.

तीन आठवड्यांनी पैसे परत आले. सगळ्यांचे नाही, ठरावीक बँकेच्या खातेदारांचेच. कार्यालयापुढं माणसं जमली. त्यात आमच्या शेजारच्या गावचे एक काका होते, मला ओळखत होते. माझ्यावर ओरडले नाहीत. "बाळा, बघ की जरा," एवढंच म्हणाले, आणि पासबुक पुढं केलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

चूक सापडली ती एका म्हाताऱ्या कारकुनाला. त्यांना कॉम्प्युटर येत नव्हता. त्यांनी माझी छापील यादी घेतली, मूळ कागद घेतले, पट्टी ठेवून एकेक ओळ बघत गेले. दहा मिनिटांनी म्हणाले, "ह्या बँकेतल्या सगळ्यांच्या खात्याच्या शेवटी शून्यच कसं काय हो?"

एक्सेल आकड्यातली पहिली पंधरा स्थानं धरून ठेवतं. सोळावं स्थान आलं की तिथं शून्य टाकतं, आणि सांगत नाही. त्याच्या हिशोबी यात वावगं काही नाही. साठ लाख अब्जांच्या रकमेत शेवटचे पाच-सात रुपये इकडंतिकडं झाले तर कुणाचं काय बिघडतं? पण खातं ही रक्कम नव्हे. खाते क्रमांक, आधार, मोबाईल, पिनकोड ही आकड्यांत लिहिलेली नावं आहेत. नावाची कुणी बेरीज करत नाही, आणि नावातलं शेवटचं अक्षर 'जवळपास तेच' म्हणून चालत नाही. त्याला आकडा म्हणून टाकायचंच नसतं. चौकटीत आधी एक अपॉस्ट्रॉफी टाकायची, मग क्रमांक. म्हणजे तो अक्षर म्हणून राहतो, सोळाच्या सोळा स्थानं शाबूत. आणि अर्थात डावीकडं टेकतो.

मी फॉरमॅट बदलला तेव्हा शेवटचा आकडा आधीच गेलेला होता. मी फक्त शून्याला नीट कपडे घालून उभं केलं. त्या रात्री सरांचं वाक्य आठवलं आणि रागच आला. अर्धंच सांगितलं होतं. डावीकडं असणं कधी दोष असतो आणि कधी तेच राखण असते, हे सांगायचं राहिलं होतं. किंवा सांगितलं असेल आणि मी तेव्हा खांद्यावरून बघत असेन.

हल्ली मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी हाच पेपर शिकवतो. नव्या धोरणात त्याचं नाव बदललं, मार्कांच्या जोडीला श्रेयांक आले, प्रकरणं जवळपास तीच. मी तासिका तत्त्वावर आहे. माहीत नसलेल्यांसाठी : तास घेतला तर त्या तासाचे पैसे, तेही येतील तेव्हा, सुट्टीत काही नाही, जूनमध्ये पुन्हा अर्ज. एक्सेलमध्ये बेरीज लावली की डावीकडचे आकडे वगळले जातात, आणि त्याची कुठं नोंदही होत नाही. कॉलेजच्या स्टाफच्या फोटोत मी असतो. योगायोगानं दरवर्षी डाव्याच टोकाला. असो.

लॅबबाहेर आता चपलांचा ढीग नसतो. पोरं बुटासकट येतात, यंत्राला घाबरत नाहीत, हे मला फार आवडतं. पण एक अडचण नवीनच. मोबाईलवर वाढलेल्या या पोरांना 'फाइल कुठं आहे' हा प्रश्नच समजत नाही. "सर, हाय की व्हॉट्सॲपमध्ये." व्हॉट्सॲपमध्ये कुठं? "त्या ग्रुपवर." ठेवलेली वस्तू कुठंतरी असते, तिला जागा असते, हे त्यांच्या अनुभवात नाही, वर सरकवत राहिलं की ती सापडते. फोल्डरच्या आत फोल्डर समजावताना माझी दमछाक होते. एका वर्षी वैतागून मी फळ्यावर वाडाच काढला. ही ढाळज. ही ओसरी. हे माजघर. माजघरात धान्य साठवायचं बळद, बळदाशेजारी उतरंड, उतरंडीत खालून तिसरं गाडगं, गाडग्यात हुलगे. आजीला मध्यरात्री उठवून विचारलं तर ती अंधारात जाऊन हुलगे काढून आणील, कारण तिला वाट पाठ आहे. ही वाट म्हणजे पाथ. मध्ये तिरकी रेघ मारा.

निम्म्यांनी बळद पाहिलेलं नव्हतं. पण एक मुलगी हसली. तिच्या आजीच्या घरात अजून आहे, आणि ती आजीजवळच राहते. दसरा-दिवाळी झाली की आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला सांगलीकडं जातात, ते पाडव्याच्या आगेमागे येतात. वर्गातल्या बऱ्याच जणांची हीच गोष्ट.

फेब्रुवारीत ती लॅबमध्ये एकटीच थांबलेली. "सर, बेरीज येईनाच गेली. म्हंजी येतीय, पन कमी येतीय."

तिच्या पडद्यावर ऊस होता. आईवडील बैलगाडीवर तोडतात, त्यामुळं कारखान्याच्या काट्यावरून मिळणारी वजनाची पावती त्यांच्याच गाडीची. वडील रोज पावतीचा फोटो पाठवतात, कधी फोटो काढायचा राहिला तर नुसता मेसेज. तिनं एक्केचाळीस खेपा उतरवल्या होत्या. तारीख, वजन. खाली बेरीज ६२.४१. "मुकादम दरसाली म्हनतो, उचल फिटली न्हाई. आवंदा म्हनलं आपन मोजून बघावं." उचल म्हणजे टोळी नेणाऱ्या मुकादमानं हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, ती तोडलेल्या उसातून फेडायची.

मी वजनाच्या रकान्याकडं बघितलं आणि वीस वर्षांपूर्वीच्या सरांसारखं विचारलं, "आकडे कुठं टेकलेत बघ."

एकोणतीस उजवीकडं होते. बारा डावीकडं. फोटोवरून टाईप केलेले नीट. मेसेजमधून उचलून चिकटवलेल्यांच्या मागं वडिलांनी लिहिलेला 'टन' तसाच आलेला. २.१४० टन. माणसाला वाचायला अगदी बरोबर. एक्सेलला ते अक्षर वाटलं, आणि बारा दिवसांचा ऊस बेरजेतून बाहेर राहिला. पहाटे तीनला उठून थंडीत तोडलेला, मोळ्या बांधून गाडीत रचलेला, काट्यावर वजन झालेला ऊस.

ती स्वतःच म्हणाली, "फाइंड-रिप्लेस करू?" कंट्रोल एच. वरच्या चौकटीत आधीच्या रिकाम्या जागेसकट 'टन' टाकलं, खालची कोरी ठेवली. रिप्लेस ऑल. बाराच्या बारा आकडे उडी मारून उजवीकडं गेले. खाली ८८.०६५.

ती काही बोलली नाही. वहीत आकडा लिहून घेतला, मग मोबाईलनं पडद्याचा फोटो काढला. पडद्याचा फोटो काढू नये, स्क्रीनशॉट घ्यावा, हे मी त्यांना तीनदा शिकवलंय. या वेळी गप्प बसलो.

शीटच्या माथ्यावर तिनं मुकादमाच्या वहीतली मांडणी जशीच्या तशी उतरवली होती. नाव, गाव, उचल, कोयता. नाव वडिलांचं. कोयत्याखाली १. नवराबायको मिळून एक कोयता, हा हिशोब इकडं लहान पोरालाही ठाऊक असतो. तिनं त्या एकाकडं जरा वेळ बघितलं. शेजारी नवा रकाना घातला, वर लिहिलं 'माणसं', खाली २ दाबून एंटर केलं. दोन उजवीकडं जाऊन टेकला.

"सर, कुठं सेव्ह करू?"

दारात पुढच्या बॅचची पोरं येऊन थांबली होती. त्यातलाच कुणीतरी म्हणाला, "बळदात ठेव."